अठराव्या वर्षी मिटलेली स्पर्धा

पोलंडच्या उत्तर भागात ब्र्दा नदीच्या काठी बिद्गोश्च नावाचे एक नगर आहे. व्हिस्चुला आणि ओडर या दोन मोठ्या नद्यांची खोरी जलमार्गाने जोडणारा कालवा १७७४ साली खणला गेला, तेव्हापासून त्या कालव्याच्या आश्रयाने वाढलेल्या या नगराची इतर जगाला फारशी ओळख नव्हती. परंतु मैदानी खेळांच्या इतिहासात त्याचे नाव तीन-चार ठिकाणी असे कोरले गेले आहे की, ज्याला त्या खेळांविषयी आस्था आहे त्याला ते वगळून पुढे जाताच येत नाही. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली स्थापन झालेले ‘झाविशा’ हे लष्करी क्रीडामंडळ याच नगराचे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकणारा झ्जिस्लाव क्शिश्कोव्याक याच मंडळाचा धावपटू, आणि मंडळाच्या क्रीडांगणाला पुढे त्याचेच नाव देण्यात आले. याच क्रीडांगणावर १९९९ च्या जुलै महिन्यात, १६ तारखेपासून तीन दिवस, अठरा वर्षांखालील मुलामुलींची पहिली जागतिक युवा मैदानी स्पर्धा भरली.

आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाची सूत्रे १९८१ पासून इटलीच्या प्रिमो नेबिओलो यांच्या हाती होती. त्यांच्या कारकीर्दीत महासंघाच्या कारभाराचा विस्तार झपाट्याने झाला: १९८३ साली हेलसिंकीला प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा भरली, १९८६ साली अथेन्सला वीस वर्षांखालील खेळाडूंची कनिष्ठ स्पर्धा सुरू झाली, आणि या दुसऱ्या स्पर्धेने आपली उपयुक्तता थोड्याच वर्षांत सिद्ध केली. १९९२ साली सेऊल येथे इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासी या तरुणाने पाच हजार आणि दहा हजार मीटरच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि त्यांतील पाच हजारांच्या शर्यतीत तिसरा आलेला मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज हा पुढे मध्यम पल्ल्याचा सम्राट ठरला. तथापि वीस वर्षांची मर्यादा ठेवली की मैदानात उतरतात ती मुख्यतः अठरा-एकोणीस वर्षांची, देहाने जवळजवळ पूर्ण वाढलेली मुले. त्यांच्याही खाली जो पंधरा, सोळा, सतरा वर्षांचा वर्ग आहे, ज्याला आपल्या शाळेच्या अथवा जिल्ह्याच्या मैदानापलीकडे जग आहे याची केवळ ऐकीव कल्पना असते, त्याच्यासाठी जागतिक पातळीवर काहीच नव्हते. कनिष्ठ स्पर्धा सम वर्षी भरत असे. तिच्या मधल्या विषम वर्षी ही नवी स्पर्धा भरवावी, असा ठराव झाला. त्या ठरावाचे पहिले फळ बिद्गोश्चला दिसले, आणि त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला नेबिओलो यांचे निधन झाले.

वाढत्या वयाच्या देहाला जागतिक चुरशीच्या ताणात घालावे काय, हा आक्षेप त्या वेळीही होताच, आणि तो क्षुल्लक म्हणून झटकून टाकण्याजोगा नव्हता. नियम करणाऱ्यांनी त्याची दखल घेतली होती, हे स्पर्धेच्या मांडणीवरून स्पष्ट दिसते. प्रौढांचा गोळा सव्वासात किलोंचा, मुलांना पाच किलोंचा दिला. थाळी दोन किलोंऐवजी दीड किलोची, भाला आठशे ग्रॅमऐवजी सातशे ग्रॅमचा, अडथळ्यांची उंची कमी. सपाट धावण्यात तीन हजार मीटरहून लांब शर्यत ठेवली नाही. दशविध स्पर्धेऐवजी मुलांसाठी अष्टविध ठेवली. एका खेळाडूने दोनाहून अधिक वैयक्तिक प्रकारांत उतरू नये असे बंधन घातले. रिले शर्यतीचाही एक वेगळाच प्रकार येथे होता: चार जणांनी अनुक्रमे शंभर, दोनशे, तीनशे आणि चारशे मीटर धावायचे. मला ही रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते, कारण एकाच चमूत अतिवेगवान मुलगा आणि दमदार मुलगा या दोघांनाही आपापल्या जागी मान मिळावा, अशी तीत सोय होती.

पोलंडच्या ॲथलेटिक्स संघटनेच्या अध्यक्षस्थानी त्या वेळी इरेना शेविन्स्का या होत्या. १९६४ साली टोकियोला गेल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते, आणि तेथून त्या लांब उडी व दोनशे मीटर यांतील दोन रौप्यपदके आणि रिलेचे एक सुवर्णपदक घेऊन परतल्या होत्या. पुढे ऑलिंपिक पदकांची त्यांची संख्या सातावर गेली. कोवळ्या वयातील यश माणसाला मोडून टाकतेच असे नाही, याचे याहून बोलके उदाहरण यजमान देशाला अन्यत्र शोधावे लागले नसते.

त्या पहिल्या स्पर्धेत रशियातील व्होल्गोग्राद शहराची येलेना इसिनबायेवा नावाची सतरा वर्षांची मुलगी बांबूच्या साह्याने ४.१० मीटर उंच उडी मारून पहिली आली. ही मुलगी मुळात जिम्नॅस्टिक्सची विद्यार्थिनी. परंतु वयाच्या पंधराव्या वर्षी तिची उंची त्या खेळाला न मानवण्याइतकी वाढली, तेव्हा तिला या दुसऱ्या विद्येकडे वळविण्यात आले. स्त्रियांची बांबू उडी त्या वर्षीपर्यंत ऑलिंपिकमध्ये समाविष्टसुद्धा नव्हती, ती २००० साली सिडनीला प्रथम झाली. म्हणजे ज्या प्रकाराला प्रौढांच्या ऑलिंपिक दरबारात अद्याप प्रवेश नव्हता, तो मुलींच्या या पहिल्याच मेळाव्यात सन्मानाने नांदत होता. दहा वर्षांनी, २००९ साली, झुरिच येथे याच इसिनबायेवाने ५.०६ मीटरचा जागतिक विक्रम केला.

दुसरी स्पर्धा २००१ साली हंगेरीतील देब्रेत्सेन येथे भरली. महासंघाचे त्या वेळचे सरचिटणीस इश्तवान ग्युलाई हे स्वतः हंगेरियन, एके काळचे धावपटू आणि दूरचित्रवाणीचे नामवंत क्रीडावार्ताहर. तेथे न्यूझीलंडच्या व्हॅलेरी ॲडम्सने गोळाफेक जिंकली, आणि आपले पुढील आयुष्य दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांनी सार्थ केले. परंतु देब्रेत्सेनची खरी नोंद करावयाची ती एका हरलेल्या मुलाची. जमैकातून आलेल्या, पंधरावा वाढदिवस अद्याप न झालेल्या त्या उंच, किडकिडीत मुलाने दोनशे मीटर अंतर २१.७३ सेकंदांत कापले; ती त्याची तोवरची सर्वोत्तम वेळ होती, आणि तरीही अंतिम फेरीत त्याला स्थान मिळाले नाही. आपले सर्वस्व पणास लावावे, आजवर आपण कधी पळालो नाही इतक्या वेगाने पळावे, आणि तरीही जगात आपल्यापुढे कितीतरी जण आहेत हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, हा अनुभव गावच्या मैदानावर सतत जिंकणाऱ्या मुलाला कोणताही गुरू तोंडाने देऊ शकत नाही. त्या मुलाचे नाव उसेन बोल्ट.

पुढच्याच वर्षी कनिष्ठ गटाची स्पर्धा खुद्द जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे होती. सोळावे वर्षही पूर्ण न झालेला हा मुलगा स्वदेशीयांच्या गर्दीपुढे इतका गांगरला की, त्याने बूट उलट्या पायांत घातले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. आणि तरी तो आपल्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून २०.६१ सेकंदांत दोनशे मीटर जिंकला. २००३ साली कॅनडाच्या फ्रेंच भाषिक क्वेबेक प्रांतातील शेरब्रुक येथे युवा स्पर्धेची तिसरी खेप झाली. तेथे तो पुन्हा उतरला. देब्रेत्सेनच्या पराभवाला दोन वर्षे झाली होती. शेरब्रुकच्या विद्यापीठीय मैदानावर त्याने २०.४० सेकंदांचा स्पर्धा-विक्रम करून सुवर्णपदक घेतले, आणि त्यानंतर या स्पर्धेचे नाव ज्या ज्या ठिकाणी निघाले, तेथे तेथे बोल्टचे नाव आपसूक पाठोपाठ येऊ लागले.

विजेत्यांच्या नामावळीवर दृष्टी ठेवणाऱ्यांनी या स्पर्धेचे मोल नेहमी चुकीच्या हिशेबाने मांडले, असे माझे मत आहे. किती बालविजेते पुढे प्रौढ विजेते झाले, याचे प्रमाण काढावयाचे, ते कमी भरले की स्पर्धा व्यर्थ ठरवावयाची, हा तो हिशेब. २००५ साली ही स्पर्धा प्रथमच आफ्रिका खंडात, मोरोक्कोतील माराकेश येथे झाली, तेव्हा ब्रिटनच्या हॅरी एकिन्स-आर्यीटी या मुलाने शंभर व दोनशे मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. या स्पर्धेत असा दुहेरी पराक्रम करणारा तो पहिलाच. प्रौढ वयात रिलेच्या चमूत त्याने देशाची मोलाची सेवा केली, परंतु जगातील सर्वांत वेगवान माणूस होण्याचा मान त्याला मिळाला नाही. एवढ्यावरून माराकेशचा त्याचा विजय फोल ठरत नाही. सोळाव्या वर्षी जो पूर्ण वाढला तो त्या वर्षी जिंकतो, विसाव्या वर्षी वाढणारा तेव्हा मागे असतो. निसर्गाने आपले वेळापत्रक सर्वांना सारखे दिलेले नाही. म्हणूनच जो मागे राहिला आणि मागे राहूनही परत आला, त्याच्याकडे पाहिले तर या स्पर्धेचे खरे कार्य कळते.

असाच दुसरा मुलगा किरानी जेम्स. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा हे जेमतेम लाखभर लोकवस्तीचे राष्ट्र, आणि त्यातील ग्वाव्ह हे कोळ्यांचे गाव. तेथला हा मुलगा चौदा वर्षांचा असताना २००७ साली झेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा येथे चारशे मीटर धावला आणि दुसरा आला. ज्या मोराविया प्रांतात एमिल झातोपेकचा जन्म झाला, त्या प्रांतातील हे पोलादाचे शहर. पुढे २००९ साली इटलीच्या उत्तरेस, आल्प्सच्या कुशीत, जर्मन आणि इटालियन अशा दोन भाषा नांदणाऱ्या ब्रेसानोने या वीस हजार वस्तीच्या गावात स्पर्धा भरली, तेव्हा किरानीने दोनशे आणि चारशे मीटर दोन्ही जिंकले. चारशे मीटरची त्याची वेळ ४५.२४ सेकंदांची होती, ती पुष्कळ देशांच्या प्रौढ विजेत्यांनाही अप्राप्य वाटावी. दोन वर्षांनी देगू येथे तो प्रौढांचा जगज्जेता झाला, आणि २०१२ साली लंडनला ४३.९४ सेकंदांत धावून त्याने आपल्या राष्ट्राला इतिहासातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, आणि तेही सोन्याचे. ज्या बेटावर चारशे मीटरला बरोबरीचा सोबती मिळणे दुरापास्त, त्या बेटावरच्या मुलाला ओस्त्रावाला कोणी तरी आपल्यापुढे धावताना दिसले, याचे मोल त्या चारशे मीटरांपुरते मर्यादित राहत नाही.

२०११ साली फ्रान्समधील लील येथे न्यूझीलंडच्या जॅको गिलने पाच किलोंचा गोळा २४.३५ मीटर दूर फेकून सर्वांना थक्क केले. त्याच स्पर्धेत पंधराशे मीटर जिंकणारी केनियाची फेथ किप्येगॉन आदल्या वर्षी बिद्गोश्चच्याच भूमीवर जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत अनवाणी धावून मुलींमध्ये चौथी आली होती. तिने पुढे लागोपाठ तीन ऑलिंपिक स्पर्धांत पंधराशे मीटरचे सुवर्णपदक मिळवावे, असे भाकीत त्या दिवशी कोणी केले असते तर ते अतिशयोक्त ठरले असते.

आता दोनेत्स्कविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे.

युक्रेनच्या पूर्वेकडील हे कोळशाचे आणि पोलादाचे शहर. जॉन ह्यूज नावाच्या वेल्श कारखानदाराने एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्यात येऊन ते वसविले, म्हणून त्याचे जुने नाव यूझोव्का. बांबू उडीचा अद्वितीय वीर सर्गेई बुब्का याची ही कर्मभूमी. बंदिस्त क्रीडागृहातील ६.१५ मीटरची त्याची सुप्रसिद्ध उडी १९९३ च्या फेब्रुवारीत याच शहरात झाली. २०१३ साली आठवी युवा स्पर्धा १० ते १४ जुलै या दिवसांत दोनेत्स्कला झाली, तेव्हा २०१२ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेसाठी उभारलेला नवा विमानतळ झगमगत होता, रस्ते सजले होते, आणि गावोगावची मुले त्या शहरात उतरत होती. नॉर्वेच्या कार्स्टेन वारहोल्म या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे अष्टविध स्पर्धा जिंकली. अष्टविध म्हणजे धावणे, उडी आणि फेक या तिन्ही विद्यांची परीक्षा; आपली खरी जागा कोणती हे त्या मुलाला तेव्हा ठाऊक नव्हते. ती जागा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत होती, आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्याने ती शर्यत ४५.९४ सेकंदांत पुरी केली, तेव्हा माणसाला हे शक्य आहे यावर पाहणाऱ्यांचा क्षणभर विश्वास बसेना.

त्याच दोनेत्स्कला भारताच्या पथकात हरियाणातील पानिपत जिल्ह्याच्या खांद्रा गावचा पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. पानिपत हे नाव मराठी माणूस निर्विकार मनाने उच्चारू शकत नाही. पण या मुलाने त्या नावाला आपल्या ओठांवर एक दुसराही अर्थ दिला. नीरज चोप्रा हा तेव्हा प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरत होता. भाला सातशे ग्रॅमचा, प्रतिस्पर्धी जगभरचे. पात्रता फेरीतून त्याला पुढे जाता आले नाही. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या पुण्याला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली होती. ती मुळात चेन्नईची, ऐन वेळी पुण्याकडे आली, आणि पुण्याने तिचा बंदोबस्त पार पाडला. थाळीफेकीत विकास गौडाने तेथे सुवर्णपदक मिळविले. भारतीय वृत्तपत्रांतले मैदानी खेळांचे रकाने त्या दिवसांत पुण्याच्या वार्तांनी भरलेले होते, आणि दोनेत्स्कला पात्रता फेरीत बाद झालेल्या एका मुलासाठी त्यांत जागा असण्याचे कारण नव्हते.

पुढच्या वसंतात दोनेत्स्कवर युद्धाची छाया पडली. २०१४ च्या एप्रिलमध्ये सशस्त्र फुटीरांनी शहरातील सरकारी इमारतींचा ताबा घेतला, आणि ज्या विमानतळाचा उल्लेख वर केला आहे तो महिनोन्‌महिने चाललेल्या लढाईत दगडविटांचा ढीग होऊन राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्सच्या रेनो लाविलेनीने दोनेत्स्कला ६.१६ मीटरची उडी मारून बुब्काचा तो विक्रम मोडला होता आणि बुब्काने त्याला स्वतः आलिंगन दिले होते. त्या शहरात जागतिक क्रीडांचा असा सोहळा त्यानंतर झाला नाही. जगातील मुलांना ज्या गावाने वर्षभरापूर्वी पाहुणचार दिला, त्याच गावातील मुलांना तळघरांत आसरा घ्यावा लागला, ही गोष्ट या स्पर्धेच्या इतिहासात लिहिली गेलीच पाहिजे.

नववी स्पर्धा २०१५ साली कोलंबियातील काली येथे झाली. मुलांच्या अष्टविध स्पर्धेची जागा आता दशविधने घेतली, आणि त्या चार पल्ल्यांच्या रिलेऐवजी दोन मुले व दोन मुली यांनी मिळून धावण्याची मिश्र रिले आली. प्रौढांच्या ऑलिंपिकमध्ये ती मिश्र रिले टोकियोला, म्हणजे सहा वर्षांनी अवतरली, यावरून ही मुलांची स्पर्धा पुष्कळ वेळा मोठ्यांची प्रयोगशाळा कशी होती हे कळेल. स्वीडनच्या आर्मान्ड डुप्लांटिस या पंधरा वर्षांच्या मुलाने तेथे ५.३० मीटरची बांबू उडी मारली. अमेरिकेच्या सिडनी मॅक्लॉफ्लिनने चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकली. आज त्या दोघांची नावे आपापल्या प्रकारांतील जागतिक विक्रमांशी जोडलेली आहेत.

मध्यंतरी बिद्गोश्चचे नाव पुन्हा पुढे आले. २०१६ ची वीस वर्षांखालील स्पर्धा रशियातील कझान येथे व्हावयाची होती. परंतु उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात रशियाच्या संघटनेवर बंदी आली, तेव्हा ऐन वेळी तिचे यजमानपद बिद्गोश्चला देण्यात आले. २३ जुलै २०१६ रोजी क्शिश्कोव्याकच्या नावाच्या त्याच क्रीडांगणावर नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकला. वीस वर्षांखालील आधीचा जागतिक विक्रम लॅटव्हियाच्या झिगिस्मुंड्स सिर्माइसचा ८४.६९ मीटरचा होता. मैदानी खेळांत कोणत्याही वयोगटाचा जागतिक विक्रम भारतीयाच्या नावे लागण्याची ही पहिलीच वेळ. रिओ ऑलिंपिकच्या पात्रतेची मुदत मात्र त्यापूर्वी ११ जुलैलाच संपली होती, आणि एवढी फेक करूनही त्याला त्या ऑलिंपिकला मुकावे लागले. दोनेत्स्क ते बिद्गोश्च हा तीन वर्षांचा प्रवास ज्याने नीट पाहिला, त्याला पाच वर्षांनी टोकियोला नीरजने जिंकलेल्या ऑलिंपिक सुवर्णपदकाने आनंद झाला असेल, अचंबा झाला नसेल.

२०१६ सालीच, सेबॅस्टियन को यांच्या अध्यक्षतेखालील महासंघाच्या परिषदेने ही युवा स्पर्धा २०१७ नंतर बंद करण्याचा निर्णय घेतला. नाव तोवर ‘अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा’ असे पालटले होते. कारणे विचारपूर्वक मांडलेली होती: इतक्या लहान वयात जगज्जेतेपदाची चुरस लावणे मुलांच्या विकासाला पोषक नाही, युवा ऑलिंपिकही २०१० पासून सुरू झालेले आहे, या वयोगटाचे काम त्या त्या खंडाच्या संघटनांनी पाहावे. युरोपने त्याच वर्षी त्बिलिसीला आपली अठरा वर्षांखालील स्पर्धा सुरू केलीच होती, आणि आशियाची दोहा येथे २०१५ पासून सुरू झाली होती. यांतले पहिले कारण मला मोलाचे वाटते. ज्या मुलाची हाडे अजून वाढत आहेत, त्याला एकाच प्रकाराच्या जुंपणीत लवकर अडकविणे घातक आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि त्या सांगण्याला मान दिला पाहिजे. परंतु मुलाला अकाली जुंपतो तो त्याचा लोभी मार्गदर्शक, त्याची घाई झालेली संघटना, कधी कधी त्याचे वडीलसुद्धा. दोन वर्षांतून एकदा पाच दिवस भरणारी स्पर्धा बंद केल्याने तो लोभ आटत नाही, तो खंडाच्या स्पर्धेत जाऊन बसतो. आणि जी गोष्ट खंडाच्या स्पर्धेत मिळू शकत नाही ती अशी की, ग्रेनाडाच्या मुलाने अमेरिकन, जपानी, केनियन मुलांशी एकाच रेषेवर उभे राहावे.

शेवटची स्पर्धा केनियाची राजधानी नैरोबी येथे, कसारानीच्या मोई क्रीडासंकुलात, १२ ते १६ जुलै २०१७ या दिवसांत झाली. दहशतीच्या भयाने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी आपली पथके पाठविली नाहीत. केनियात ऑगस्टच्या आरंभी सार्वत्रिक निवडणूक होती, आणि वातावरण तापलेले होते. पुष्कळांना वाटले की, आधीच मृत्युपत्र लिहून झालेल्या या स्पर्धेचा शेवट रिकाम्या बाकांसमोर होईल. घडले ते अगदी वेगळे. पहिल्या दिवसापासून लोक येऊ लागले: गणवेषातील शाळकरी मुले, बाजारहाट आटोपून आलेल्या बाया, वस्त्यावस्त्यांतून पायी निघालेले तरुण. अखेरच्या दिवशी साठ हजारांचे ते क्रीडांगण काठोकाठ भरले. या वयोगटाच्या मैदानी स्पर्धेला असा जनसमुदाय पूर्वी कधी लाभला नव्हता, आणि प्रौढांच्या पुष्कळ जागतिक मेळाव्यांनाही तो लाभलेला नाही. ज्या देशाच्या धावपटूंनी अर्धशतकभर परमुलखांतील मैदाने गाजविली, त्या देशातील सामान्य माणसाला जागतिक स्पर्धा आपल्या घरच्या क्रीडांगणात बसून पाहण्याची अशी संधी प्रथमच मिळत होती, आणि तिचे त्याने सोने केले.

मैदानावरही काही कमी घडले नाही. जमैकाच्या डेजूर रसेलने ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १२.९६ सेकंदांत जिंकली. त्या वयोगटात आणि त्या उंचीच्या अडथळ्यांवर तेरा सेकंदांच्या आतली अशी वेळ विरळाच. तीन हजार मीटरमध्ये इथिओपियाचा सेलेमोन बारेगा पहिला आला. केनियन प्रेक्षकांच्या समोर इथिओपियन मुलगा जिंकला, आणि चारच वर्षांनी तो टोकियोला दहा हजार मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला. पंधराशे मीटर केनियाच्या जॉर्ज मनंगोईने जिंकले. त्याचा थोरला भाऊ एलायजा पुढच्याच महिन्यात लंडनला प्रौढांच्या जागतिक स्पर्धेत त्याच अंतराचा विजेता ठरला. मुलींची आठशे मीटर जॅकलीन वांबुईने घेतली तेव्हा कसारानीचा घोष थांबेना. पदकतालिकेत दक्षिण आफ्रिका अग्रभागी राहिली. आपापल्या मातृभूमीतून परागंदा झालेल्या तरुण निर्वासितांचे एक स्वतंत्र पथकही तेथे उतरले होते. ज्यांच्या नावापुढे कोणत्याच राष्ट्राचा ध्वज लागत नव्हता, त्यांनाही नैरोबीकरांनी हात वर करून साद घातली.

जे देश आले नाहीत त्यांच्या मुलांना काय गमवावे लागले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आणि बंद करण्याचा निर्णय झाला तो नैरोबीचे दृश्य दिसण्यापूर्वी. ते दिसल्यावरही तो फिरला नाही. स्पर्धेने अठरा वर्षे पुरी केली होती.

वीस वर्षांखालील स्पर्धा मात्र चालू राहिली. महामारीमुळे वर्षभर लांबून ती २०२१ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीच्या त्याच कसारानीवर झाली. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेला केनियाचा इमॅन्युएल वान्योन्यी आठशे मीटर १ मिनिट ४३.७६ सेकंदांत धावला. त्याच्या वयाच्या मुलांची स्वतःची जागतिक स्पर्धा उरली असती तर त्या वर्षी तो तीत उतरण्यास पात्र होता. तीच गोष्ट झाशीच्या शैली सिंगची. आईने शिवणकाम करून वाढविलेली, बंगळूरला अंजू बॉबी जॉर्ज आणि रॉबर्ट बॉबी जॉर्ज यांच्या देखरेखीखाली तयार झालेली ही सतरा वर्षांची मुलगी लांब उडीत आपल्याहून थोरल्या मुलींमध्ये उतरली आणि तिने ६.५९ मीटर उडी मारली. स्वीडनच्या माया ओस्कागची उडी ६.६० मीटर होती. एका सेंटिमीटरने सुवर्णपदक गेले. शैलीने रौप्य घेतले, आणि पुढच्या मोसमाच्या तयारीसाठी ती बंगळूरला परतली.